कारण : इतर

शाळेतल्या बाईंच्या त्या पत्राला तक्तेकाकांनी अजून उत्तर दिलं नव्हतं. पत्राला आज महिना होत होता आणि मुदत पाच वाजता संपत होती.

तक्तेकाका हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. वाहन नोंदणीच्या कचेरीत जुन्या गाड्यांच्या कराचं टेबल एकतीस वर्षं त्यांच्याकडे होतं आणि किमतींचा तक्ता त्यांना तोंडपाठ होता. गाडी नवी असताना जी किंमत, तिच्यातून दर वर्षाला दहा टक्के वजा. उरेल ती तक्त्याची किंमत. गाडी त्याहून स्वस्तात घेतली असली तरी कर तक्त्याप्रमाणेच. नाहीतर सगळेच कागदावर फुकटात गाड्या विकतील.

पळवाट एकच होती. गाडी स्वस्तात का दिली, ते विकणाऱ्या मूळ मालकाने छापील जबाबात लिहून सही करायची. अपघात, इंजिनाचा बिघाड, पुराचं पाणी किंवा इतर. 'इतर' दिसलं की काका त्यावर लाल रेघ मारत. "तक्त्याला रडगाणी कळत नाहीत हो," असं समोरच्याला हळू आवाजात सांगत आणि स्वतःच ओशाळत.

सकाळचं टपाल आलं. काकांनी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला आणि त्यातल्या काळ्या मुठीच्या किल्लीने एकेक पाकीट फोडायला घेतलं.

"काका, ती किल्ली आहे की सुरी?" समोरच्या टेबलावरून जावकबाई म्हणाल्या. आवक-जावक सांभाळायला त्या दोन महिन्यांपूर्वीच बदलून आल्या होत्या. "एक कुलूप उघडलेलं पाहिलं नाही मी तिने."

"पाकिटं उघडते. तेवढं पुरे."

टपाल संपलं तसं त्यांनी खणातून ते पत्र काढलं. आता ते वाचायचीही गरज नव्हती.

'ही निळी गाडी मी दलालाकडून साठ हजारांना घेतली. पाच वर्षांची आहे, म्हणून तुमच्या तक्त्याप्रमाणे ती दोन लाख दहा हजारांची. तेवढ्यावरचा कर भरायची माझी ऐपत नाही. पण त्याहून मला भीती वाटते. इतकी चांगली गाडी इतक्या स्वस्तात कोण देतं? किल्ली एकच मिळाली. मागच्या सीटचा पट्टा कोणीतरी हाताने शिवलाय. मालकाबद्दल विचारलं की दलाल विषय बदलतो. माझी मुलगी रोज त्याच सीटवर बसते. या गाडीत काय झालं होतं, ते मला कोणी सांगेल का?'

"बाईंची फाईल अजून इथेच?" जावकबाईंनी मान उंचावली. "पाचच्या आत जबाब आला नाही तर तक्त्याप्रमाणे कर, वर दंड. विकणाऱ्याला एक खरमरीत पत्र धाडा की!"

"जबाबाचा कागद त्याच्याकडे कधीचा आहे."

"मग मेल्याला चार ओळी लिहायला होतं काय?"

"भित्रा आहे."

"तुम्ही ओळखता त्याला?"

"ओळखतो असं वाटायचं."

"मग मानगूट धरून लिहून घ्या. तुमच्यासारखी भिडस्त माणसं भेटतात म्हणून फावतं असल्यांचं."

काकांनी पत्राची घडी घालून ते पुन्हा खणात ठेवलं.

जेवणाच्या सुट्टीत ते डबा न उघडताच बाहेर पडले. तपासणीच्या आवारात गाड्या रांगेने उभ्या होत्या. एका गाडीत मागच्या सीटवर कोणी झोपलं होतं. काकांनी नजर दुसरीकडे वळवली. कोपऱ्यातल्या बाकावर ते बराच वेळ बसून होते.

तीन वाजता परतले तेव्हा त्यांच्या हातात घडी घातलेला कागद होता.

"मिळाला जबाब?"

"मिळाला."

"काय म्हणतोय?"

काकांनी कागद उलगडला नाही. "मुलगा आजारी होता. दवाखान्यात न्यायला-आणायला गाडी घेतली होती. शेवटच्या खेपेला वाटेतच गेला, मागच्या सीटवर. नंतर गाडी दारात बघवेना. दलाल म्हणाला त्या किमतीला दिली."

जावकबाईंच्या हातातला शिक्का तसाच राहिला. "आणि मी मेला म्हणाले हो त्याला," त्या पुटपुटल्या. मग, "पण हे 'इतर'मध्येच जाणार ना? तुम्ही तर रेघ मारता."

"मारत होतो."

काकांनी तो कागद स्वतःच आत नेला. साहेबांनी तो दोनदा वाचला, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि मंजुरीची सही केली.

मग काकांनी उत्तर लिहायला घेतलं. तीन कागद फाडले. चौथ्यावर लिहिलं:

'कर साठ हजारांवरच घेतला जाईल. दंड नाही. गाडीत कोणताही दोष नाही, अपघातही झालेला नाही. पट्टा तुटला नव्हता. बसणारा अंगाने फार बारीक झाला होता, म्हणून त्याच्या आईने तो शिवून आखूड केला. टाका उसवला की पट्टा पुन्हा पुरेल. मुलीला निर्धास्त बसवा.'

"द्या इकडे, जावकला चढवते," जावकबाई हात पुढे करत म्हणाल्या.

"नको. हे मीच टाकतो."

बसथांब्याशेजारी टपालपेटी होती. तिथे काकांनी कागद पुन्हा उघडला, पेटीच्या डोक्यावर टेकवला आणि खाली एक ओळ वाढवली: 'दुसरी किल्ली द्यायला उशीर झाला, क्षमा असावी.' जुडग्यातून काळ्या मुठीची किल्ली सोडवून त्यांनी पाकिटात घातली आणि पाकीट पेटीत टाकलं.