गळ्यातली चावी

रुग्णवाहिकेत लेकीच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता आणि माझा जीव सिलिंडरच्या काट्यावर टांगलेला. काटा तांबड्या पट्टीत शिरला. “दादा, हा संपत आलाय.” “दुसरा भरलेला आहे, ताई,” मदतनीस म्हणाला आणि छाती चाचपत थबकला. सिलिंडर उघडायची चावी हरवू नये म्हणून तो गळ्यात बांधायचा. आज साथीमुळे त्या चावीवर संसर्ग टाळायचा गळाबंद सूट होता. “बायको म्हणते, डोकंसुद्धा दोरीला बांधत जा,” तो कसनुसं हसला. मग हळूच, “घरी आमचीही लेक आहे, चार महिन्यांची.” लेक खोकली. ‘सूट उघडा’ म्हणायला माझी जीभ रेटेना. ‘राहू द्या’ म्हणायला मुळीच नाही. लेकीचा हात घट्ट धरला. त्याने सुटाची चेन खाली ओढून चावी काढली. दुसरा सिलिंडर फुसफुसला, तिचा श्वास सावरला. दवाखान्यापाशी उतरताना त्याने चावी सिलिंडरलाच बांधली. “आता काय उपयोग,” म्हणत सुटाची चेन त्याने लावलीच नाही.