आग्या माश्यांचं पोळं

कमलाकांतने काडी ओढली आणि सोमीने त्याचं मनगट धरलं.

दहा वर्षं ती त्याच्या एडवणच्या वाडीत चिकू उतरवायला येत होती. एवढ्या वर्षांत तिने मालकाला कधी उलट उत्तरही दिलं नव्हतं.

वर आंब्याच्या फांदीला आग्या माश्यांचं पोळं लोंबत होतं. सुपाहून मोठं, काळंभोर, सळसळतं. रविवारी या माश्यांनी दाव्याला बांधलेली शेळी मारली होती. त्याच्या बायकोच्या, वत्सलाच्या तोंडावरची सूज अजून उतरली नव्हती. आणि गुरुवारी त्याच आंब्याखाली लेकीच्या हळदीचा मांडव उभा राहायचा होता. डिझेलमध्ये बुचकळलेली झावळं बांबूला बांधून तो तयार होता.

"जालू नका, शेट. त्या जायला निघाल्यात."

"तुला सांगून निघाल्या काय?"

सोमीने लुगडं वर खोचलं, खोडाला शिडी लावली आणि चढायला लागली. धूर नाही, तोंडावर फडकं नाही. कमलाकांतला ओरडायचं होतं, पण आवाजाने माश्या उठतील म्हणून त्याने ओरडणं गिळलं.

पोळ्यावरून माश्यांच्या हालचालीची एक चमचमती लाट सरकली. सोमी थांबली. लाट विरली तसा तिने उघडा पंजा हळूच माश्यांच्या आत सरकवला. माश्या बोटांवर आल्या, मनगटावर आल्या, कोपरापर्यंत सगळा हात काळा झाला. एकही डसली नाही. हातातली काडी कधी विझली ते कमलाकांतला कळलं नाही; त्याची मान वरच होती.

खाली उतरून तिने मूठ उघडली. मेणाचा कोरडा तुकडा होता.

"मध खाऊन संपवलाय. पिल्लं नाय. उद्या ऊन चढलं का जातील."

दुसऱ्या दिवशी नऊच्या सुमारास आंबा घुमू लागला. घुमणं वाढत वाढत छातीत भरलं. मग पोळं जणू फांदीवरून सुटलं आणि आभाळभर पसरलं. अंगणावरून एक घिरटी घालून ते काळं आभाळ डोंगरांच्या दिशेने निघून गेलं. कमलाकांतचे हात जोडले गेले होते.



"सोमी," त्याने विचारलं, "आजवर अशा किती पोळ्यांत हात घातलास गं?"

"एकातबी नाय," सोमी डोंगरांकडे बघत म्हणाली. "बाप घालायचा, मी खालून बघायची. काल पयल्यांदाच."