बोलायला एक माणूस

जामसरच्या रस्त्याच्या कामावर लेकरं निजवायला सावली नव्हती. ठेकेदाराकडे ताडपत्री मागायची, तर टोळीतर्फे बोलणार कोण? मालूने एकेकाला पारखून घेतलं. पंढरीचा आवाज दणदणीत, पण दुसऱ्या वाक्याला शिवी. गोकुळ शहाणा, पण ठेकेदाराची गाडी दिसली की त्याला फावडं धुवायची आठवण व्हायची. ती स्वतः चोख बोलायची, पण बाईचं बोलणं ठेकेदार हसण्यावारी नेणार. राहिला जिवा.

मग रोज जेवणाच्या सुट्टीत जिवाची तालीम सुरू झाली. पंढरी डांबराच्या पिंपावर ठेकेदार होऊन बसायचा आणि मालू चुका काढायची. "डोकं खाजवू नको. आधी त्याला बोलू दे. मग सांग, पुष्पाच्या पोराला ऊन लागलंय, ताप उतरत नाय."

"वयनी, तू मला पार पुढारी करशील," जिवा हसायचा.

सोमवारी तो ठेकेदाराच्या केबिनमध्ये शिरला. बराच वेळ बोलला आणि बाहेर आला तो मुकादम होऊनच. ठेकेदाराला असाच बोलका माणूस हवा होता. टोळीने त्याच्या पाठीवर थापा मारल्या. मुकादम आपलाच, म्हणजे ताडपत्री आलीच म्हणायची.

आठवडा गेला. पुष्पाचं पोर अजून उन्हातच होतं. शेवटी मालू सगळ्यांना घेऊन जिवाकडे गेली.

जिवाने सगळ्यांचं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "असा घोळका करून येऊ नका. तुमच्यातला नीट बोलणारा एक माणूस पाठवा."