अकराचं वर्गमूळ

“दहाचं वर्गमूळ साधारण किती?” बाईंनी विचारलं, आणि आठवीच्या अख्ख्या वर्गाचे हात वर गेले.

मागच्या बाकावर बसलेले तपासनीस खूश झाले. त्यांना काय माहीत, की ज्याला येतं त्यानं उजवा हात वर करायचा आणि येत नाही त्यानं डावा. ही शक्कल मुख्याध्यापकांची. बाईंना ती पटली नव्हती. पण तात्पुरत्या नेमणुकीवरच्या माणसाच्या पटण्याला कोण विचारतो? आजचा पाठ साहेबांना आवडला तर नोकरी कायम, नाहीतर सुट्टीनंतर येऊ नका.

बाईंनी एक उजवा हात निवडला.

“तीन पॉइंट एक सहा.” घोकलेलं उत्तर, सुरासकट.

“छान,” तपासनीस म्हणाले. “आता अकराचं सांगा.”

हात पुन्हा सगळे वर. या वेळी सगळे डावे. त्यांनी खिडकीजवळच्या मुलीकडे बोट केलं.

“सर, माझा डावा आहे.”

“म्हणजे?”

“म्हणजे मला येत नाही. अकराचं कुणालाच दिलेलं नाही पाठ करायला.”

दारात उभे असलेले मुख्याध्यापक जोरात खोकले. बाईंनी एकदा त्यांच्याकडे बघितलं. मग चुलीत गेली तपासणी, असं मनात म्हणत फळा पुसला.

“दहा विसरा. तीनचा वर्ग?”

“नऊ.”

“चारचा?”

“सोळा.”

“मग अकराचं मूळ कुठे असेल?”

“मधे,” कुणीतरी म्हणालं. “पण तीनच्या बाजूला.”

“किती बाजूला ते माझ्या तोंडाकडे बघून कळणार नाही. गुणून बघा.”

पोरं गुणायला लागली. तीन पॉइंट तीन कमी पडलं, तीन पॉइंट चार जास्त झालं. तीन पॉइंट तीन एक कमी. तीन पॉइंट तीन दोन जास्त, पण अगदी किंचित. वर्गात भांडणं जुंपली.

“हातचा विसरलास तू.”

“आधी स्वतःचे पाढे सुधार, मग मला शिकव.”

मधल्या सुट्टीची घंटा झाली. कुणी उठलं नाही. तपासनीसांनी पेन काढलं.

“मग शेवटी उत्तर किती, बाई?”

“तीन पॉइंट तीन दोन, साहेब,” मुख्याध्यापकच घाईघाईनं म्हणाले. “आलं की बरोबर. बाई, सांगा ना.”

“ते जवळपासचं झालं,” बाई म्हणाल्या. “नेमकं उत्तर कितीही आकडे लिहिले तरी पुरं होत नाही, साहेब. हेच शिकवायचं होतं. ते सोडून मी पोपट पढवत बसले.”

“माझ्या कागदावर दोनच रकाने आहेत. मुलांना उत्तर आलं, किंवा नाही आलं. काय लिहू?”

मुख्याध्यापक मान हलवून हलवून खुणा करत होते.

“नाही आलं,” बाई म्हणाल्या. “लिहा.”

साहेबांनी लिहिलं, पेनाला टोपण लावलं आणि उठले. मुख्याध्यापकांनी कपाळाला हात लावला.

“अगं ए, काय चाललंय तुझं?” ते एकदम ओरडले.

खिडकीजवळची ती मुलगी फळ्यापाशी उभी होती. फळा काठापर्यंत गुणाकारांनी भरला होता, आणि तपासणीसाठी नुकत्याच रंगवलेल्या भिंतीवर ती खडूनं पुढचा आकडा लिहीत होती.