सभेतला पंप

दवाखान्यातल्या सिस्टर राधाकिशनआप्पांच्या घरी येऊन दम्याचा पंप कसा ओढायचा ते शिकवत होत्या.

"लवकर शिकवा, सिस्टर. सोसायटीच्या गुरांच्या छावणीतला चारा कुणाच्या गोठ्यात गेला, ते मला सभेत विचारायचंय."

"विचारा की, आप्पा. पण आधी तब्येत," शेजारी बसलेले सोसायटीचे चेअरमन गहिनीनाथराव म्हणाले.

सिस्टर म्हणाल्या, "पंप ओढला की श्वास आत धरायचा. मनात दहापर्यंत मोजायचं. तोवर एक शब्द बोलायचा नाही."

चेअरमननी ते पुन्हा विचारून घेतलं. सिस्टरना कौतुक वाटलं. "पेशंटपेक्षा तुम्हीच नीट शिकलात."

"दुष्काळ हाय, सिस्टर. एकमेकाला बघायलाच पायजे."

सभेत छावणीचा विषय निघाला तसे आप्पा तावातावानं उठले. "चेअरमनसायेब, छावणीतला चारा..." आणि त्यांना धाप लागली. चेअरमन स्वतः स्टेजवरून खाली आले. आप्पांच्या खिशातला पंप काढून त्यांनी तो आप्पांच्या तोंडाला लावला.

"ओढा. आता बोलू नका, आप्पा. मोजा."

आप्पा मोजू लागले. चेअरमन माईककडे वळले.

"सगळे विषय मंजूर?"

"मंजूर, मंजूर."

आप्पांनी श्वास सोडला, तोंड उघडलं, आणि राष्ट्रगीत सुरू झालं.