चौथ्या दिवसाची प्लेट

इस्पितळाच्या प्रयोगशाळेतल्या बाईंना सगळे ‘चेंगट’ म्हणायचे. रक्ताच्या नमुन्यातून दोन दिवसांत जंतू उगवले नाहीत की ती काचेची प्लेट टाकून द्यायची, असा शिरस्ता. बाई मात्र ती आणखी दोन दिवस उबेत ठेवायच्या. अशाच एका प्लेटवर चौथ्या दिवशी खसखशीएवढे ठिपके उगवले. लाखात एखाद्याला होणारा संसर्ग निघाला. वरच्या मजल्यावर, दोन महिने आधीच जन्मलेल्या, मलूल पडलेल्या बाळाचं औषध तासाभरात बदललं. आज घरी निघालेली त्याची आई त्याला घेऊन थेट खाली आली. “डॉक्टर म्हणाले, आभार मानायचे तर खालच्या बाईंचे माना.” बाईंना बाळं ठाऊक ती नुसती नंबरानं. त्यांनी दोनदा हात धुतले, बोट पुढे केलं. बाळानं ते मुठीत धरलं. आई सोडवायला गेली, तरी सोडेना. “असू दे,” बाई म्हणाल्या, “चेंगट आहे. माझ्यावर गेलाय.”