अजून

“‘...आणि त्या ग्रहावरच्या शेवटच्या जीवाने आकाशात संदेश सोडला. तो कुणीही ऐकला नाही.’ संपली गोष्ट.”

खगोलशास्त्रज्ञ आरामखुर्चीत मागे रेलला. दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या होत्या. शस्त्रक्रियेला आठवडा झाला होता, पट्ट्या उद्या निघणार होत्या. पण दिसेलच, असं डॉक्टरांनी काही छातीठोकपणे सांगितलं नव्हतं. निवृत्तीनंतर त्याला परग्रहांवरच्या गोष्टी लिहायचा नाद लागला होता. सध्या तो सांगे आणि बायको लिहून घेई. जन्मभर शाळेत मुलांना शिकवलेली बाई. तिचं अक्षर मोत्यासारखं.

“अहो, हा शेवट मी नाही लिहिणार.”

“झालं! लेखनिकाला मतं फुटली.”

“त्या बिचाऱ्याचं सगळं गणगोत गेलं. एकटा उरला. वर तोंड करून हाक मारतोय. कुणाला मारतोय?”

“अमक्याला असं नाही गं. कुणी असलंच, तर त्याला.”

“मग मी रोज सकाळी डोळे मिटून दुसरं काय करते?”

तो हसला. देवाच्या विषयावर उभ्या संसारात दोघांचं कधी जमलं नव्हतं. ती प्रार्थनेला बसली की तो तिला चिडवायचा. रेडिओ मात्र आठवणीने बंद करायचा.

“फरक आहे. पलीकडे कुणीतरी ऐकतंय, असं तू धरूनच चालतेस. माझ्याकडे तसा पुरावा नाही.”

“आणि कुणी ऐकलं नाही, याचा आहे?”

दुर्बिणीपाशी उमेदीची सारी वर्षं घालवताना त्याने हेच तर विद्यार्थ्यांना घोकून घोकून सांगितलं होतं: उत्तर आलं नाही म्हणजे पलीकडे कुणी नाही, असं होत नाही. त्याचीच काठी आज त्याच्याच पाठीत बसली होती.

“बरं बाई, हरलो. मग काय लिहायचं म्हणतेस?”

“‘उत्तर अजून आलेलं नाही.’” कागदावर पेन सरसरलं.

पट्ट्यांआडच्या काळोखात त्याने ते वाक्य मनाशी म्हणून पाहिलं. पुन्हा एकदा म्हणून पाहिलं. पण शास्त्रज्ञाचा पीळ तो, असा सुटतोय थोडाच!

“‘अजून’ तेवढं खोड. अजून म्हटलं की येणारच, असं वाटतं. तेवढी खात्री त्याला कुठून असणार?”

“बरं.”

“खोडलंस?”

“खोडलं हो.”

एवढ्या दिवसांत कागदावरचं तिचं पेन त्याच्या कानांना चांगलं ओळखीचं झालं होतं. आत्ता ते जागचं हललंही नव्हतं.

त्याने चाचपडत तिच्याकडे हात नेला. तो तिने मधेच धरला.

“मग राहू दे तसंच,” तो म्हणाला.